केर भरी चक्रपाणी आणि आमची सर्व्हिस लिफ्ट

नमस्कार मंडळी. आज नम्रतेवर बोला असं मला सांगितलंय, आणि खरं सांगू का, माईकसमोर बसून नम्रतेवर बोलायचं हाच मुळात गमतीचा प्रकार आहे, जो खरा नम्र असेल तो कशाला येईल इथे. तर मी काही तसा नाही हे आधीच कबूल करून टाकतो, म्हणजे पुढचं बोलायला मोकळा.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. पालख्या पुण्यात मुक्कामाला होत्या, ज्ञानोबांची भवानी पेठेत आणि तुकोबांची नाना पेठेत. मी ऑफिसला दांडी मारून गेलो होतो. गर्दीत एक आजी दिसल्या, डोक्यावर तुळस, पायाला फोड आलेले, मी वाकून पाया पडलो आणि सरळ उभा राहतोय तोवर त्याच माझ्या पायाशी वाकलेल्या. माउली, माउली. मी आपला अहो आजी नको नको करत मागे सरकतोय, तर शेजारचे एक टाळकरी बुवा हसले आणि म्हणाले, "राहू द्या हो, तुमच्या पाया नाही पडल्या त्या."

वारीत हे असंच चालतं हे तुम्हाला माहितीच आहे. वय नाही विचारायचं, जात नाही विचारायची, समोर आला की वाकायचं, त्याने पण वाकायचं. ज्ञानोबांची ओवी आहे ना, जे जे भेटे भूत, ते ते मानिजे भगवंत. भूत म्हणजे जो कोणी प्राणी भेटेल तो. त्यात फक्त चांगल्या चांगल्या माणसांना असं काही म्हटलेलं नाही.

तर मी असा भारावून वगैरे घरी आलो, कपाळावर बुक्का तसाच. आमच्या सोसायटीत दोन लिफ्ट आहेत, एक आमची आणि एक सर्व्हिस लिफ्ट, म्हणजे कामवाल्या बायका, डिलिव्हरीवाली पोरं आणि कचरा यांच्यासाठी. त्या दिवशी सर्व्हिस लिफ्ट बंद होती म्हणून कचरा न्यायला येणाऱ्या मावशी बकेट घेऊन आमच्या लिफ्टमध्ये उभ्या होत्या. आणि मी, बुक्का लावलेला मी, म्हणालो की मावशी तुम्ही जरा उतरता का, मी वर जाऊन लगेच लिफ्ट पाठवतो. त्या उतरल्या. काही बोलल्या नाहीत. मला चौथ्या मजल्यापर्यंत काही वाटलं पण नाही, चावी लावताना बुवांचं ते वाक्य आठवलं आणि मग रात्रभर डोक्यात किडा.

आता गंमत बघा, आपला देव कोण आहे? जनाबाईंचा अभंग आपल्या आयांनी, आज्यांनी म्हटलेला आहे, झाडलोट करी जनी, केर भरी चक्रपाणी. जनी झाडतेय आणि देव केर भरतोय, पुढे तर पाटी डोक्यावर घेऊन लांब टाकून येतो म्हणे. म्हणजे आपला विठोबा हा कचऱ्याची पाटी डोक्यावर घेणारा देव आहे. आणि जनाबाई स्वतः नामदेवांच्या घरची दासी, तिने सिंहासनावरचा देव नाही बघितला, तिने आपल्या शेजारी बसून जातं ओढणारा बघितला. जो माणूस असा देव मानतो त्याने लिफ्टमधून कोणाला उतरवलं हे कसं काय जमलं बुवा? मला जमलं, आरामात.

पैठणला नाथांच्या वाड्यात एक रांजण आहे. कथा अशी की देव श्रीखंड्या नाव घेऊन नाथांच्या घरी गडी म्हणून राहिला, बारा वर्षं पाणी भरलं त्या रांजणात. आजही नाथषष्ठीच्या दिवसांत लोक रांगेने त्यात पाणी ओततात आणि तो भरून वाहिला की देव येऊन गेला असं मानतात. या कथेत मला सगळ्यात भारी काय वाटतं, तर नाथांना माहितीच नव्हतं. द्वारकेहून कोणीतरी शोधत आला तेव्हा कळलं, तोवर श्रीखंड्या गायब. माहिती असतं तर काय, कोणीही पाट मांडला असता, पंचपक्वान्न वाढलं असतं. बारा वर्षं तो फक्त पाणी भरणारा गडी होता आणि तेवढ्यावरच त्याला जी काही वागणूक मिळाली ती मिळाली.

पण मंडळी, हे सगळं फार गोड गोड होतंय. देव कसा आहे ते कळलं की माणूस आपोआप चांगला वागतो असं जर असतं तर चोखोबा बाहेर का राहिले असते? त्याच काळातले, त्याच विठोबाचे. जनीचा केर भरणारा देव आत आणि चोखोबा महाद्वाराबाहेर. मंगळवेढ्याला गावकुसाचं काम करताना भिंत पडून गेले ते, 1338 साली, आणि आज त्यांची समाधी नामदेव पायरीपाशी आहे, म्हणजे गेल्यावरही दाराबाहेरच. अभंग आपण सहाशे वर्षं म्हणत राहिलो. शेवटी 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजींना पंढरपुरात उपोषणाला बसावं लागलं, देवळाचं दार उघडा म्हणून. सहाशे वर्षं, आणि टाळ काही थांबले नव्हते मधे.

म्हणून मला नम्रतेचे उपदेश ऐकताना जरा शंका येते, की हे सांगतंय कोण आणि कोणाला. लहानपण देगा देवा हे तुकोबा म्हणतात तेव्हा ते स्वतःसाठी मागतात. आपण ते दुसऱ्याला सांगतो, साहेब शिपायाला सांगतो, सासू सुनेला सांगते, जो आधीच वाकलेला आहे त्यालाच आणखी वाक म्हणतो. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात अमानित्व म्हणून गुण सांगितलाय, मोठेपणाची हाव नसणं, तिथे माउली म्हणतात की बृहस्पतीइतकं ज्ञान असलं तरी हा माणूस मोठेपणाच्या भीतीने वेड्यासारखा लपून राहतो. म्हणजे आधी हातात काहीतरी मोठं असलं पाहिजे आणि मग ते मिरवायचं नाही. मावशींकडे मिरवायला काय होतं? लिफ्ट पण माझी.

गाडगेबाबांनी हे बरोबर ओळखलं होतं असं मला वाटतं. गावात आले की आधी खराटा हातात, गाव झाडायचं आणि मग रात्री कीर्तन. आणि पाया कोणी पडायला आलं की काठी उगारायचे. कीर्तनात विचारायचे की देव कुठाय, आणि लोकांना उत्तर देता देता घाम फुटायचा. पंढरपुरात जिथे चोखोबांच्या माणसांना उतरायला जागा नव्हती तिथे त्यांनी चोखामेळा धर्मशाळा बांधली आणि 1949 मध्ये ती बाबासाहेब आंबेडकरांच्या संस्थेकडे देऊन टाकली. आज त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान आहे, फलकावर बाबांचा फोटो असतो, आणि खराटा कोणाच्या हातात असतो ते तुम्ही आपापल्या गल्लीत बघा.

बरं, माझं काय झालं ते सांगून थांबतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी आल्या तेव्हा मी ओला आणि सुका कचरा वेगळा करून ठेवला होता, एरवी आमच्या घरून सगळा एकत्रच जायचा आणि त्या खाली बसून हाताने निवडायच्या. मी म्हणालो, मावशी कालचं माझं चुकलं. त्या म्हणाल्या कालचं काय? त्यांच्या लक्षातही नव्हतं, किंवा रोजच इतकं होत असेल की कुठलं लक्षात ठेवायचं. मग मला एकदम जाणवलं की सहा वर्षं या येतायत आणि मला यांचं नाव माहिती नाही. म्हणून विचारलं, तुमचं नाव काय हो?

तर त्या बकेट खाली ठेवून माझ्याकडे बघायला लागल्या आणि म्हणाल्या, "का, कंप्लेंट करायचीय का?"

नाही हो म्हणून समजावता समजावता माझी वाट लागली. शेवटी हसल्या आणि सांगितलं त्यांनी नाव. ते काही मी इथे रेडिओवर सांगत नाही, त्यांना विचारलेलं नाहीये. नमस्कार.