लेकरू ‘काळाराम’ला ‘तालालाम’ का म्हणतं?

नमस्कार मंडळी! पंचवटीत दर्शनाला निघालेल्या अडीच-तीन वर्षांच्या पोराला विचारा, “कुठं चाललास रे?” तो ठणकावून सांगतो, “तालालाम!” की आजी लागलीच, “नीट म्हण, काळाराम!” आज मला त्या पोराची बाजू घ्यायचीय.

हनुवटीवर बोट ठेवा आणि म्हणा, “बाबाबा.” जबडा खालीवर होतोय ना? सहा-आठ महिन्यांचं बाळ असं बडबडतं तेव्हा मुख्य काम जबड्याचंच असतं. ओठ त्याच्यासोबत मिटतात, उघडतात.

आता सावकाश म्हणा, “काळाराम.” ‘का’ला जिभेची मागची बाजू वर चिकटली. ‘ळा’ला टोक मागं वळून टाळूला लागलं आणि झटकन पुढं आलं. ‘रा’ला तेच टोक वरच्या दातांमागं निसटतं टेकलं. ‘म’ला ओठ मिटले. एवढं सगळं आपण एका सेकंदाच्या आत उरकतो!

संशोधक ओठांवर, हनुवटीवर चमकते ठिपके लावून कॅमेऱ्यानं ही हालचाल मोजतात. एक-दोन वर्षांच्या मुलांचा जबडा बऱ्यापैकी मोठ्यांसारखा चालतो, ओठ मात्र मागं असतात. तेच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं तर मोठ्यांची हालचाल दर वेळी जवळपास सारखी येते, मुलांची बदलत राहते. आणि मला सगळ्यात थक्क करणारी गोष्ट म्हणजे सोळाव्या वर्षीही ती मोठ्यांइतकी स्थिर झालेली नसते. जबडा वाढतोय, दात पडतायत, नवे येतायत; मेंदूला हिशेब सारखा नव्यानं मांडावा लागतो.

२०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात बोलणाऱ्याला त्याच्याच शब्दातला स्वर (अ, आ, ए यांसारखा) किंचित बदलून हेडफोनमधून ऐकवला. मोठ्यांनी आणि चार वर्षांच्या मुलांनी नकळत उच्चार सावरून घेतला. दोन वर्षांच्यांनी नाही.

म्हणून आजी, त्याला दहादा म्हणायला लावू नका. “हो, काळारामाला चाललोय आपण,” असं तुम्हीच स्वच्छ म्हणा आणि पुढं चला.

मात्र चार वर्षांच्या मुलाचं बोलणं बाहेरच्या माणसालाही बहुतेक कळायला हवं. कळत नसेल, तर ‘बोलेल हळूहळू’ म्हणत थांबू नका. आधी कान तपासून घ्या, मग स्पीच थेरपिस्टला दाखवा.