चुन्याची साल

गोव्यातल्या तिसवाडी तालुक्यातल्या तळावलीचं सांताना चर्च. १६८१ ते १६९५ या काळात उभं राहिलेलं. पाऊस उघडला की हिरव्या शेतांमागे ते असं पांढरंशुभ्र उठून दिसतं, की हा रंग शोभेसाठीच दिला असावा असं वाटतं. तसं नाही.

भिंतीजवळ जाऊ. आत जांभा दगड आहे. त्याचा ठोकळा, म्हणजे चिरा, खाणीतून निघतो तेव्हा मऊ, तासायला सोपा. उन्हावाऱ्यात टणक होतो. पण अंगभर छिद्रं, आणि छिद्रांत माती. गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस. उघडा चिरा पाणी पितो, माती वाहून जाते, कडा झडतात. म्हणून वर चुन्याचा गिलावा, आणि गिलाव्यावर पावसाळा सरला की सफेती.

ही निगा सुटली तर? जुन्या गोव्यातलं ऑगस्टिनियन पंथाच्या ख्रिस्ती साधूंचं चर्च १८३५ मध्ये ओस पडलं. १८४२ मध्ये त्याचं छत कोसळलं, १९३१ मध्ये दर्शनी भाग आणि अर्धा मनोरा. त्याची घंटा मात्र वाचली. १८७१ पासून ती पणजीच्या पॅरिश चर्चमध्ये वाजते आहे.

आता चुना. भट्टीतली चुनकळी पाण्यात विरवायची, चाळायची आणि निदान महिनाभर पाण्याखाली मुरवायची. मग एक भाग चुना, तीन भाग वाळू. वाळू नदीची, खारी वापरली तर भिंतीवर मीठ फुलतं. थर बोटभर जाडीपेक्षा पातळ, आणि आठवडाभर ओल्या गोणपाटाखाली. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश दगड होतो. घाईने सुकला, तर हात फिरवताच पिठासारखा निघतो.

या थांबण्याचाच कंटाळा येतो आणि सिमेंटची गोणी फुटते. दोन-तीन वर्षं भिंत गुळगुळीत दिसते. पण पाणी वरच्या भेगेतून शिरतं आणि सिमेंट त्याला बाहेर पडू देत नाही. आत चिरा कुजतो, गिलाव्याला फुगे येतात, मग पापुद्रा दगडाची साल घेऊनच खाली येतो. वर प्लास्टिक रंग असेल तर बघायलाच नको.

खिडक्यांत काचेऐवजी शिंपले आहेत. पातळ, चपटे, कातरून लाकडी पट्ट्यांत सरकवलेले. त्यांतून येणारा उजेड दुधाळ, डोळ्यांना न टोचणारा. फुटलेल्याच्या जागी शिंपलाच बसवावा, हे खरं. पण तो आज सहज मिळत नाही. म्हणून पट्टी सडली तर शिंपले आधी जपून काढायचे, मग सुताराला बोलवायचं.

मनोरा आणि छप्पर मिळतात ती पन्हळ मे महिन्यातच साफ हवी. पिंपळाचं रोप तिथेच धरतं. वीतभर असतानाच ते मुळासकट काढायचं. मोठं झाल्यावर ओढलं, तर सोबत चिरा येतो.

आणि सफेतीआधी भिंत बोटाच्या पेराने ठोकत जायचं. आवाज भरीव आला तर पुढे. पोकळ आला तर तिथे खडूने गोल. उतरवायचा तो तेवढाच गोल. बाकीच्या जुन्या चुन्याला हात लावायचा नाही.