एक सूर्य, चार सूर्यास्त

[पडद्यावर: काळ्या पार्श्वभूमीवर चार रंगांच्या रेघा, डावीकडून उजवीकडे सरकताहेत]

या चार रेघा म्हणजे सूर्याचा उजेड. सुमारे ७२० किलोमीटर उंचीवरून मोजलेला.

मोजणाऱ्या उपग्रहाचं नाव प्रोबा-२. युरोपीय अंतराळ संस्थेचा. वजन जेमतेम १३० किलो, आकार घरातल्या वॉशिंग मशीनएवढा. नोव्हेंबर २००९मध्ये रशियातल्या प्लेसेत्स्कहून तो उडाला, सूर्यावर नजर ठेवायला. दिवस आणि रात्रीच्या सीमेवरून तो फिरतो, त्यामुळे वर्षातले बरेच महिने सूर्य त्याला सतत दिसतो.

हिवाळ्यात मात्र दर फेरीत पृथ्वी आड येते. सूर्याच्या अभ्यासकांसाठी ही कटकटच, नोंदींत खंड पडतो. हवेच्या अभ्यासकांना हवी असते ती नेमकी हीच वेळ.

[आलेख मोठा होतो]

आता रेघा बघा. 'लायरा' नावाचं उपकरण सेकंदाला साधारण २० वेळा उजेड मोजतंय. त्यातले काही संवेदक चक्क हिऱ्याचे आहेत. साध्या उजेडाने हिरा विचलित होत नाही, अतिनील तेवढा टिपतो.

सूर्य पृथ्वीच्या कडेकडे उतरतोय. पहिल्यांदा ढासळतात त्या सर्वांत लहान तरंगलांबीच्या दोन रेघा. दोनशे किलोमीटरच्या आसपास, जिथे हवा असून नसल्यासारखी, तिथले ऑक्सिजनचे अणू आणि नायट्रोजनचे रेणू हा प्रकाश गिळायला लागतात. डोळ्यांना सूर्य अजून लख्खच दिसला असता! मग, शंभर किलोमीटरच्या खाली, लायमन-अल्फा, म्हणजे सूर्यावरच्या हायड्रोजनचा अतिनील उजेड, विझतो. शेवटची रेघ ओझोनच्या थरापर्यंत तग धरते.

रेघ ज्या उंचीवर जितकी खचली, तितकी हवा वाटेत होती. हिशेब असा सरळ. आणि त्यात एक गंमत आहे. अतिनील किरणांच्या माऱ्याने लायराची नजर काही महिन्यांतच मंदावली होती. पण इथे तुलना त्याच फेरीतल्या, काही मिनिटांपूर्वीच्या पूर्ण उजेडाशी. मंद डोळा दोन्ही वेळा सारखाच मंद, त्यामुळे गुणोत्तर बिघडत नाही.

एवढा खटाटोप कशाला? फुगे चाळीसेक किलोमीटरपर्यंत जातात. दोनशेवर उपग्रह सोडला, तर हवेच्या घर्षणाने तो फार दिवस टिकत नाही. आणि ही हवा स्थिर नसते, सूर्य खवळला की फुगते. फेब्रुवारी २०२२मध्ये स्टारलिंकचे ४९ उपग्रह सुमारे २१० किलोमीटरवर सोडले होते. भूचुंबकीय वादळाने वरची हवा दाट झाली आणि त्यातले बहुतेक खाली येऊन जळाले.

आपलं सौरयान आदित्य-एल१ हे काम करू शकणार नाही, त्यावर पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत घडलेली दुर्बीण असली तरी. ते पंधरा लाख किलोमीटरवर आहे, तिथे सूर्य मावळतच नाही.

[आलेखावर सपाट अंधार. मग एक रेघ वर उठते]

प्रोबा-२ सावलीतून बाहेर येतोय. आता क्रम उलटा. शेवटी विझलेली रेघ आधी उजळते, मग लायमन-अल्फा, मग उरलेल्या दोन. पुढचा सूर्यास्त शंभरेक मिनिटांनी.