पहिल्या विंगेतलं स्टूल

(एकांकिका स्पर्धांच्या तोंडावर पुण्यात महाविद्यालयीन नाटकवाल्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. एवढ्या पावसात आलात, बरं वाटलं. छत्र्या बाहेर ठेवल्यात ना? आज छत्रीचं काम आहे, पुढे सांगते.

फळ्यावर 'एकांकिकेची बांधणी' असा विषय लिहिलाय. त्याच्याकडे येणार आहेच. पण त्याआधी गेली कित्येक वर्षं मनात असलेली एक गोष्ट तुमच्यासमोर मांडायची आहे. ज्याला नाटक लिहायला शिकायचंय, त्याने आधी एक नाटक प्रॉम्प्ट करावं, म्हणजे संहितेची वही घेऊन विंगेत, रंगमंचाच्या कडेच्या आडोशाला बसावं आणि नट अडला की त्याला शब्द पुरवावा. अख्खं. पहिल्या वाचनापासून प्रयोगाच्या रात्रीपर्यंत.

चेहरे पडले काहींचे. माझाही पडला होता. एफ. वाय.ला होते, भूमिका मागायला गेले होते आणि दिग्दर्शकाने हातात वही दिली. दोनशे पानी, कार्बन कॉपीवरून उतरवून घेतलेली. एक पेन्सिल दिली, आणि म्हणाला, 'जिथे अडतील तिथे पहिला शब्द दे. पूर्ण वाक्य द्यायचं नाही.' तालमी कॉलेजच्याच एका वर्गात व्हायच्या, संध्याकाळी सहानंतर, बाकं भिंतीला सारून. माझं स्टूल दाराशी. तीच आमची पहिली विंग.

एकांकिका टी. वाय.च्या एका मुलाने लिहिली होती. वडील जाऊन महिना झालेला, मुलगी सासरहून माहेरी येते, घरात आई आणि भाऊ. एवढीच माणसं. पहिल्याच पानावर मुलीला एक वाक्य होतं: 'आई, तुला आठवतं, बाबा असताना पावसाळ्यात आपल्या घरात किती गडबड असायची, आणि आता महिनाभरात हे घर कसं सुनं झालंय!' ऐकायला वाईट नाही. लेखकाचं फार आवडतं वाक्य होतं ते. काम करणारी मुलगी हुशार, पाठांतर पक्कं. दोन-दोन पानांची स्वगतं न अडखळता म्हणायची. पण या वाक्याला ती अडायची. रोज. मी 'आई, तुला' म्हणायचे, मग गाडी पुढे जायची.

मी समासात फुली मारायला लागले. कुणी सांगितलं नव्हतं. बसल्याबसल्या काहीतरी करायचं म्हणून. कुणी वाक्य विसरलं की फुली. शब्द बदलला तर आडवी रेघ. आठ-दहा दिवसांनी वही चाळली, तर फुल्या पानभर विखुरलेल्या नव्हत्याच. काही पानं कोरी होती, अगदी स्वच्छ, आणि काही ठिकाणी फुल्यांचा गुच्छ. पहिल्या पानावर सात. तीन वेगवेगळ्या नटांच्या फुल्या एकाच प्रकारच्या वाक्यांवर जमा झाल्या होत्या, आणि त्यातलं प्रत्येक वाक्य समोरच्या पात्राला आधीच ठाऊक असलेलं काहीतरी सांगणारं होतं.

आईला आठवत नाही का, बाबा असताना घर कसं होतं? तिला काय सांगायचं? ते वाक्य आईसाठी नव्हतंच. ते प्रेक्षकांसाठी होतं, आईच्या तोंडावर फेकलेलं. नटीला त्यात मागायला काही नाही, लपवायला काही नाही, म्हणून डोक्यात बसायला त्याला जागाच नव्हती. आपण म्हणतो नट वाक्य विसरला. मी तेव्हापासून म्हणते, वाक्यच नटाला धरून राहिलं नाही.

वही दिग्दर्शकाला दाखवली. भीत भीतच. त्याने लेखकाला बोलावलं, आणि तो मुलगा, मला त्याचं आजही कौतुक वाटतं, चिडला नाही. फुल्यांकडे बराच वेळ बघत बसला. दुसऱ्या दिवशी नवीन पहिलं पान घेऊन आला. मुलगी भिजून आत येते. दाराआडच्या खुंटीकडे सवयीने हात नेते. हात तसाच राहतो. आणि म्हणते, 'बाबांची छत्री कुठाय?'

आई म्हणते, 'दिली.'

बस. दोन वाक्यं. वडील गेलेत हे कळलं, आईने आवराआवर लेकीला न विचारता सुरू केलीय हे कळलं, आणि या दोघींत आता भांडण होणार हेही कळलं. त्या मुलीने ते वाक्य पुन्हा कधी विसरलं नाही. प्रयोगात तिचा हात खुंटीवर थांबला तेव्हा मी विंगेतून प्रेक्षागृहाचा आवाज ऐकला, म्हणजे आवाज बंद झालेला ऐकला. शेंगदाण्याच्या पुड्यासुद्धा थांबल्या. मी त्या रात्री घरी जाऊन लिहायला बसले.

आता तुम्ही म्हणाल, हा एका वहीवरचा किस्सा झाला. पण आपल्याकडचे नाटककार बघा कुठे घडले ते. अण्णासाहेब किर्लोस्करांनी ३१ ऑक्टोबर १८८० ला याच पुण्यात 'शाकुंतल' उभं केलं तेव्हा सूत्रधार म्हणून ते स्वतः रंगमंचावर होते. देवलांनी १८९९ मध्ये 'शारदा' आणण्याआधी किती नटांच्या तालमी घेतल्या होत्या! गडकरी किर्लोस्कर मंडळीत मुलांना शिकवायला होते, नाटक मंडळीच्या बिऱ्हाडात राहून कान तयार झालेला माणूस. आळेकर १९७४ च्या 'महानिर्वाण'आधी नट म्हणून तालमींत वावरलेले. लिहिण्याच्या टेबलाआधी यांच्या आयुष्यात तालमीची जागा आलीय.

मागून कुणीतरी एलकुंचवार म्हणालं का? बरोबर आहे, तो आक्षेप यायलाच हवा. एलकुंचवार नागपूरला सिनेमाला गेले, तिकीट मिळालं नाही, म्हणून तेंडुलकरांचं 'मी जिंकलो! मी हरलो!' बघायला शिरले आणि तिथून नाटककार झाले. तालीम नाही, वही नाही. पण ते दुसऱ्या दिवशी परत तेच नाटक बघायला गेले, हे लोक सांगायचं विसरतात. पहिल्यांदा आपण गोष्ट बघतो. दुसऱ्यांदा, पुढे काय होणार ते ठाऊक असल्यामुळे, ते कसं होतंय तिकडे लक्ष जातं. प्रॉम्प्टर दुसरं काय करतो? तो तीच गोष्ट तीस वेळा बघतो.

आणि हे मी पोटतिडकीने सांगतेय, कारण ते स्टूलच आता नाहीसं झालंय. संहिता मोबाईलवर असते. मोबाईलला समास नाही, फुली मारायला जागा नाही. ज्याच्याकडे वही असायची तो लाजाळू मुलगा, ती मुलगी, आता तालमीला येतच नाहीत, कारण त्यांना काही काम नाही. पूर्वी लिहिणारी मुलं तिथूनच निघायची. आज पुष्कळ ठिकाणी संहिता बाहेरून लिहून येते. मुलं अभिनय शिकतात, प्रकाशयोजना शिकतात, लिहायला कुणीच शिकत नाही. आपल्या पुण्यातल्या कॉलेजांच्या स्पर्धा बघा, 'पुरुषोत्तम' करंडक १९६३ पासून चालू आहे, 'फिरोदिया' करंडक १९७४ पासून. इतक्या वर्षांत या गावाने काय काय लेखक दिलेत! ते आयते नाही आले, कॉलेजच्या वर्गात बाकं सारून तयार झाले. आज संघ भेटला की पहिला प्रश्न, 'यंदा विषय काय घेतलाय?' स्थलांतर घेतलंय, शेतकरी घेतलाय. अरे, खुंटीवर हात कुणाचा जातोय ते सांगा ना आधी!

किती वाजले? दहाच मिनिटं? बरं. मग बांधणीचं भराभर सांगते, लिहून घ्या.

एकांकिका उशिरा सुरू करा. भांडणाच्या आदल्या दिवशी नको, भांडणाच्या दहा मिनिटं आधी. तुमच्या हातात फार तर तासभर आहे, त्यातला पाऊण तास ओळखपरेडीत घालवू नका. जागा शक्यतो एक ठेवा. ब्लॅकआऊट घ्यावासा वाटला की थांबा आणि स्वतःला विचारा, हे काळोखाशिवाय होईल का? बहुतेक वेळा होतं, आणि जास्त चांगलं होतं. तेंडुलकरांचं 'घाशीराम कोतवाल' १६ डिसेंबर १९७२ ला इथेच पुण्यात, भरत नाट्य मंदिरात पहिल्यांदा झालं. त्यात माणसांच्याच रांगेचा पडदा आहे. तोच हलतो, वळतो, लपवतो, उघडं करतो. अडचण सामानाने सोडवण्याआधी माणसांनी सुटते का बघा.

पात्र आत आलं की आतल्यांचं काहीतरी बिघडलं पाहिजे. नुसता चहा घेऊन येणारं पात्र असेल तर चहा नको असलेल्या वेळी आणा. प्रत्येक पात्राला या तासाभरात समोरच्याकडून काहीतरी हवं असू दे, आणि ते त्याने सरळ मागू नये. शेवट लिहिताना शेवटचं वाक्य खोडून बघा. नव्वद टक्के वेळा त्याच्या आधीचं वाक्य हाच शेवट असतो. नव्वद हा आकडा माझ्या वह्यांमधला आहे, शास्त्र म्हणून घेऊ नका.

आणि पहिला खर्डा झाला की स्वतः वाचून दाखवू नका. लेखक स्वतः वाचतो तेव्हा सगळ्या खड्ड्यांवर आवाजाची माती टाकतो. दुसऱ्याला वाचायला द्या, तेही आधी न दाखवता, आणि तुम्ही पेन्सिल घेऊन बसा. तो कुठे अडखळतो, कुठे तुमचा शब्द टाकून आपला शब्द घालतो, तेवढं बघा. त्याने घातलेला शब्द पुष्कळदा बरोबर असतो.

वॉचमनकाका दारात येऊन उभे राहिलेत. काका, पाचच मिनिटं, खरंच पाच. तुमच्यातल्या चौघा-पाचजणांनी संहिता आणल्यात, आल्याआल्या मला सांगत होतात. एकाचं पहिलं पान आत्ता ऐकू या. तू आणलंयस ना? दे इकडे. नाही, तू नाही वाचायचंस, तू इथे माझ्या शेजारी या स्टुलावर बस. ही पेन्सिल घे. निळ्या शर्टातला तू आणि त्याच्या शेजारची तू, या पुढे. पान बघू नका आधी. हं, करा सुरू.