हरवलेला ठोका

[दृश्य: स्नेअर पॅडची पांढरी जाळी, अगदी जवळून. वर स्टिकचं टोक.]

इलेक्ट्रॉनिक ड्रमच्या स्नेअर पॅडवर चार ठोके मारले. हेडफोनमध्ये तीनच आले.

पुन्हा बघू. पहिला जोरात, मग तीन हलके, स्टिक जाळीवर नुसती टेकवल्यासारखे. शेवटचा परत गायब. या हलक्या ठोक्यांना ड्रमर घोस्ट नोट म्हणतात. ऐकणाऱ्याला ते वेगळे जाणवतही नाहीत, पण ठेक्याचा डौल त्यांच्यातच असतो. ढोलकीवर बोट नुसतं फिरलं तरी पुडी बोलते. इथे हात आणि आवाज यांच्यामध्ये एक यंत्र बसलेलं आहे. कुठला ठोका धरायचा आणि कुठला सोडायचा, ते यंत्र ठरवतं.

[दृश्य: जाळी उतरवलेला पॅड. मधोमध फोमचा शंकू.]

जाळीच्या खाली फोमचा हा शंकू, आणि त्याच्याखाली नाण्यासारखी पातळ, गोल चकती. हा पिएझो. धक्का बसला की त्यात क्षणभर वीज तयार होते. मॉड्यूल, म्हणजे पॅडला जोडलेलं ते यंत्र, ती मोजतं आणि 1 ते 127 मधला एक आकडा ठरवतं: ठोका किती जोराचा होता त्याचा. ड्रमचा आवाज पॅडमधून येतच नाही. तो मॉड्यूलमधून निघतो. पॅड फक्त झटका पोचवतो.

आपल्याकडे बहुतेकांची या तंत्राशी ओळख झाली ती ऑक्टोपॅडमुळे. ऑर्केस्ट्रा असो, बँजो पार्टी असो, तो असतोच. रोलँड कंपनीचं पहिलं मॉडेल 1985 सालचं. आठ रबरी पॅड, आणि स्वतःचा आवाज एकही नाही. दुसऱ्या यंत्राला इशारा द्यायचा, एवढंच त्याचं काम. त्याआधी 1981 मध्ये सिमन्स कंपनीचे षटकोनी पॅड आले होते. ते इतके कडक होते की वादकांची मनगटं दुखायची. जाळी आली 1997 साली, रोलँडच्या व्ही-ड्रम्स या इलेक्ट्रॉनिक ड्रमसंचाबरोबर. तिच्यावर स्टिक कातड्यासारखी उसळते. माझ्या मते हलका हात इलेक्ट्रॉनिक ड्रमवर खऱ्या अर्थाने आला तो तेव्हा.

[दृश्य: ड्रम-की. समोरासमोरचे स्क्रू आळीपाळीने फिरताना.]

आता कामाला लागू. आधी मॉड्यूलला हात लावायचा नाही, चावी घ्यायची. एक स्क्रू अर्धा फेरा, मग त्याच्या बरोबर समोरचा. ज्याने आयुष्यभर तबल्याच्या गठ्ठ्यांवर हातोडी चालवली, त्याला हे चमत्कारिक वाटेल: ही जाळी कितीही ओढा, सूर चढत नाही. तो मॉड्यूलमध्ये ठरतो. ताणाने बदलते ती स्टिकची उसळी. पण जाळी फार सैल राहिली तर स्टिक खालच्या शंकूवर आदळते, आणि मधला ठोका उगाच ओरडतो.

माझ्या पॅडचा एक स्क्रू चक्क बोटांनी फिरत होता.

[दृश्य: मॉड्यूलचा पडदा. थ्रेशोल्डचा आकडा.]

ताण सारखा झाला. तरी चौथा ठोका नाही. आता थ्रेशोल्ड. याला उंबरठाच म्हणू या. त्याच्या खालचा झटका मॉड्यूल आत घेत नाही. मी तो थेट शून्यावर आणतो. चारही ठोके आले! आणि मग टॉम, म्हणजे शेजारचा दुसरा ड्रम, वाजवला, तर स्नेअर आपोआप वाजला. जमिनीवर पाय आपटला, तरी वाजला.

सगळे पॅड एकाच लोखंडी रॅकवर आहेत. एकाला मारलं की कंप नळीतून दुसऱ्यापर्यंत जातो. हा क्रॉसटॉक. मॉड्यूलमध्ये त्याला दाबण्याचा आकडा असतो, आणि पुष्कळ जण तोच वाढवत बसतात. मला ते पटत नाही. टॉमबरोबर एकाच क्षणी वाजवलेला खरा हलका ठोकाही त्यात दाबला जातो. क्लॅम्प आवळा. जमत असेल तर स्नेअर रॅकवरून काढून वेगळ्या स्टँडवर ठेवा. पान्ह्याने जे होतं, ते आकड्याने करू नये.

मास्क टाइमचंही तसंच. एका ठोक्यानंतर मॉड्यूल जितका वेळ पुढचा ठोका घेत नाही, तो हा वेळ. एका ठोक्याला दोन आवाज येत होते, म्हणून मागे मी तो चाळीस मिलिसेकंदांवर नेला होता. दुहेरी आवाज थांबला, पण फ्लॅमही गेला, म्हणजे मुद्दाम लागोपाठ मारलेला जोडघाव. फ्लॅमच्या दोन घावांमध्ये अंतर असतं जेमतेम वीस-तीस मिलिसेकंदांचं; पहिल्यानंतर मॉड्यूलने कान झाकून घेतले होते. आता तो दहावर आणला आहे.

[दृश्य: स्नेअर वेगळ्या स्टँडवर. हात टॉमवर.]

थ्रेशोल्ड शून्यावरून एकेक पायरी वर. एक. दोन. तीन. टॉमवर जोरात घाव, स्नेअर गप्प. पाय आपटला, गप्प.

आता तेच चार ठोके.

[आवाज: एक जोराचा, तीन हलके. चारही.]

हा आकडा चिकटपट्टीवर लिहून मॉड्यूलच्या खाली लावतो. हाय-हॅट, म्हणजे झांजांच्या जोडीचा पॅड, अजून बाकी आहे.