रखमाबाईंचा खटला : कायदा नक्की कुणाचा?

मंडळी, आपल्या भाषेत 'नांदणं' हा मोठा गोड शब्द आहे. पण 1884 साली दादाजी भिकाजी मुंबई हायकोर्टात गेले ते बायकोला नांदायला पाठवा, असा हुकूम मागायला. लग्नाच्या वेळी रखमाबाई अकरा वर्षांच्या होत्या. दाव्याच्या वेळी विशीच्या, वाचणाऱ्या, विचार करणाऱ्या. आणि त्या नांदायला गेल्याच नव्हत्या.

आता हा दावा आला कुठून? आपण सहज म्हणतो, जुन्या रूढीने बाईला बांधलं आणि इंग्रजी कायद्याने सोडवलं. इथे गंमत पाहा. नांदण्याची सक्ती करणारा हा दावा मुळात इंग्लंडच्या चर्चच्या न्यायालयांतला. न्यायमूर्ती पिन्हे यांनी सप्टेंबर 1885 मध्ये हेच बोट ठेवलं : हिंदू कायद्यात याला आधार नाही, आणि बाईला अशी ओढून नवऱ्याच्या हवाली करणं रानटीपणाचं आहे. दावा फेटाळला. त्यावर गदारोळ झाला. 'केसरी'ने दादाजींची बाजू घेतली. धर्माच्या रक्षणासाठी इंग्रजांच्या चर्चचं हत्यार उपसलं गेलं, याचं तेव्हा फारसं कुणाला नवल वाटलेलं दिसत नाही!

अपिलात निकाल फिरला, आणि मार्च 1887 मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला : महिन्याभरात नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. रखमाबाईंनी सांगितलं, तुरुंग चालेल. ही शिक्षा 1882 च्या दिवाणी संहितेतली. खुद्द इंग्लंडने मात्र अशा प्रकरणातली कैद 1884 मध्येच रद्द केली होती, म्हणजे दादाजींनी दावा लावला त्याच वर्षी. तिथे टाकून दिलेलं इथे चालू राहिलं, आणि हिंदुस्थानच्या संहितेतून ही कैद जायला 1923 उजाडलं.

रखमाबाईंच्या आई जयंतीबाई विधवा झाल्या आणि त्यांनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. सुतार जातीत ते चालत असे. तरी त्याआधी त्यांनी पहिल्या नवऱ्याची मिळकत मुलीच्या नावे केली. 1856 चा विधवाविवाहाचा कायदा आपण सुधारणेचा म्हणून शिकतो. पण त्याच्याच दुसऱ्या कलमात आहे की पुनर्विवाह केला की मृत नवऱ्याच्या मिळकतीवरचा हक्क जातो. पुढे मुंबई हायकोर्टाने हे कलम, जिथे पाट, म्हणजे विधवेची दुसरी लग्नं, आधीपासून लागतच होते, त्या जातींनाही लावलं.

तीच गत काडीमोडाची. रखमाबाई जन्मल्या त्या 1864 साली याच हायकोर्टाने तळपदा कोळी जातीतली एक चाल अमान्य केली. त्या चालीनुसार बाई नवऱ्याला सोडून दुसरं घर करू शकत असे. जातपंचायत काही फार दयाळू नव्हती, दंडही मोजून घ्यायची. पण तिथे एक दार होतं. कोर्टाने ते बुजवलं, तेही नीतीच्या नावाने.

व्हिक्टोरिया राणीने रखमाबाईंचं लग्न मोडलं, अशी एक गोष्ट सांगतात. खरं तर जुलै 1888 मध्ये आपसात तडजोड झाली. दादाजींनी दोन हजार रुपये घेतले, हुकूम बजावला गेला नाही. त्यांनी दुसरं लग्न केलं. रखमाबाई इंग्लंडला गेल्या, डॉक्टर झाल्या, सुरत आणि राजकोटला वर्षानुवर्षं बायकांवर उपचार केले. आणि 1904 मध्ये दादाजी वारले तेव्हा त्यांनी विधवेचं पांढरं लुगडं नेसलं. का, याचं उत्तर मी बरेच दिवस शोधतोय. मला ते सापडलेलं नाही, आणि घाईने लावायचंही नाही.

रखमाबाई 1955 च्या सप्टेंबरात गेल्या. त्याच वर्षी मे महिन्यात हिंदू विवाह कायदा अमलात आला होता. त्याचं कलम 9 उघडून पाहा. तुरुंग नाही, पण दावा तोच आहे.