चंदीआधी वैरण: खेळाच्या घोड्याला काय आणि किती द्यावे

नमस्कार. मी ठाण्यात शो जंपिंगच्या (अडथळे ओलांडण्याच्या) आणि ड्रेसाजच्या (आखीव चालींच्या) स्पर्धांतल्या घोड्यांची देखभाल करते. आज तबेल्यातल्या वैरणीच्या खोलीतूनच तुमच्याशी बोलते आहे, कारण ज्या चुकीविषयी मला सांगायचे आहे ती अशाच खोल्यांमध्ये रोज सकाळी होते. घोडा मैदानात मंदावला, अडथळ्यासमोर कच खाऊ लागला किंवा त्याच्या बरगड्या दिसू लागल्या, की मोतद्दाराला, म्हणजे घोड्याची निगा राखणाऱ्याला, पहिली सूचना मिळते ती चंदी, म्हणजे धान्याचा खुराक, वाढवण्याची. तोबरा (चंदीची पिशवी) जड झाला की घोड्याला जोर येईल असे आपण धरून चालतो आणि त्याच्या पुढ्यात गवत किती पडते आहे, हे मात्र कोणी काट्यावर तोलून पाहत नाही.

घोड्याचे जठर त्याच्या देहाच्या मानाने फार लहान असते; त्यात ८ ते १५ लिटर मावतात. घोडा खात असो वा नसो, त्या जठरात आम्ल सतत पाझरत राहते, आणि ते आम्ल सौम्य करणारी लाळ मात्र केवळ चावतानाच सुटते. एक किलो वाळलेले गवत चावून संपवायला घोड्याला सुमारे ४० मिनिटे लागतात, तर एक किलो ओट्स तो दहाएक मिनिटांत फस्त करतो. म्हणजे गवत कमी करून चंदी वाढवली, की चावण्याचे तास घटतात, लाळ घटते, आणि जठराचा वरचा भाग, ज्याला आम्लापासून फारसे संरक्षण नसते, तो उघडा पडतो. शर्यतीच्या तयारीतल्या घोड्यांची दुर्बिणीतून तपासणी झाली तेव्हा त्यांच्यापैकी बहुसंख्यांच्या जठरात व्रण आढळले. खोगिराचा पट्टा आवळताना कान मागे टाकणारा, चावायला धावणारा घोडा खोडकर आहे असे म्हणण्याआधी त्याच्या पोटाचा विचार करावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. स्वारीला उपाशीपोटी नेणेही याच कारणाने वाईट. धावताना पोटाचे स्नायू आवळतात आणि आम्ल वर उसळते, म्हणून अर्धा तास आधी थोडा वाळलेला लसूणघास खाऊ घालावा. चंदी मात्र कामाच्या आधीचे तीन-चार तास देऊ नये.

आता मोजमाप पाहू. रोजची वैरण, तिच्यातले पाणी वजा करून, घोड्याच्या वजनाच्या किमान दीड टक्का असावी. ४५० किलोच्या घोड्याला हे प्रमाण सुमारे पावणेसात किलो होते, म्हणजे वाळलेले गवत साडेसात किलो. दोन टक्क्यांपर्यंत गेलात तर उत्तमच. येथे हिरव्या चाऱ्याने अनेकांची फसगत होते. हिरव्या लसूणघासात जवळजवळ ८० टक्के पाणी असते, त्यामुळे दहा किलोचा भारा टाकला तरी घोड्याच्या पोटात कोरडा चारा जातो तो दोनच किलो. आपल्याकडे सहज मिळणारा भाताचा पेंढा अंथरायला ठीक आहे, परंतु गवताच्या जागी तो धरू नये. त्यात पोषण थोडे असते.

चंदी वाईट असते असे मी म्हणत नाही. वेगाच्या कामाला स्टार्च लागतो, पण तो लहान आतड्यातच पचला पाहिजे. एका वेळी फार धान्य पडले, की न पचलेला स्टार्च मोठ्या आतड्यात उतरतो, तेथील जिवाणू त्याचे आम्ल करतात, आणि पोटशूळ किंवा खुरांचा दाह ओढवतो. म्हणून एका वेळी घोड्याच्या दर किलो वजनामागे एक ग्रॅम स्टार्च ही सुरक्षित मर्यादा मानावी. ओट्समध्ये साधारण ४० टक्के स्टार्च असल्याने ४५० किलोच्या घोड्याला एका वेळी किलोभर ओट्स पुरेत. अधिक हवे असतील तर वेळा वाढवाव्यात, तोबरा नव्हे. जुलैत रिंगणात पाणी साचून घोडा चार-चार दिवस उभा राहतो, तेव्हा त्याच दिवसापासून चंदी कमी करावी. पूर्ण चंदी खाऊन उभा राहिलेला घोडा कामावर परतताच स्नायू जखडून बसतो, हे मी पाहिले आहे. कोणताही नवा चारा किंवा नवे धान्य मात्र आठ-दहा दिवसांत हळूहळू आणावे, कारण आतड्यातल्या जिवाणूंनाही जुळवून घ्यायला वेळ लागतो.

कोंड्याविषयी मला थोडे अधिक सांगावेसे वाटते. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक घोडी आली. आधीच्या ठिकाणी तिला महिनोन्महिने गव्हाचा कोंडा, भिजवलेला हरभरा आणि हत्तीगवत मिळत होते, आणि ते प्रेमानेच दिले जात होते. ती आज या पायाने लंगडे, उद्या त्या पायाने. गालांच्या वरची हाडे दोन्ही बाजूंनी फुगलेली होती. घोड्याच्या आहारात कॅल्शियम हे फॉस्फरसच्या दीडपट ते दुप्पट असावे लागते, आणि कोंड्यात नेमके उलट, फॉस्फरस कॅल्शियमच्या जवळजवळ दहापट असतो. त्यातच हत्तीगवतातले ऑक्झलेट नावाचे द्रव्य उरलेसुरले कॅल्शियम बांधून ठेवते. मग शरीर रक्तातली तूट भरून काढण्यासाठी हाडांतून कॅल्शियम ओढते. पशुवैद्यांच्या सल्ल्याने कोंडा बंद केला, लसूणघास आणि चुनखडीची पूड सुरू केली, आणि काही महिन्यांत लंगडणे थांबले. चेहऱ्यावरची सूज पूर्णपणे कधीच उतरली नाही.

आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत घामाचा प्रश्न सर्वांत मोठा आहे. घाम सुकत नाही, म्हणून अंग थंड होत नाही, म्हणून घोडा आणखी घाम गाळतो. कठीण कामात तो तासाला दहा-बारा लिटर घाम गमावू शकतो. माणसाचा घाम रक्तापेक्षा पातळ असतो, घोड्याचा मात्र रक्ताइतका किंवा त्याहून खारट असतो. पाण्याबरोबर मीठही निघून गेल्याने रक्ताची खारटी वाढत नाही आणि घोड्याला तहान लागल्याची जाणीवच होत नाही. तुम्ही बादली पुढे करता, तो तोंड फिरवतो, आणि आपण समजतो की त्याला पाणी नको आहे. विश्रांतीतल्या घोड्यालाही रोज २० ते २५ ग्रॅम साधे मीठ लागते, आणि घामाच्या दिवसांत ते दुप्पट-तिप्पट करावे लागते. ते चंदीत मिसळावे आणि शेजारी स्वच्छ पाणी सतत असावे; तहानलेल्या घोड्याच्या तोंडात पाण्याविना क्षारांची पेस्ट घालणे धोक्याचे आहे. उष्ण दिवसांत चंदीतला काही भाग कमी करून वनस्पती तेल द्यावे, हेही उपयोगी पडते. घोड्याला पित्ताशय नसले तरी यकृतातून पित्त सतत स्रवत असल्याने, हळूहळू वाढवलेले तेल त्याला चांगले पचते.

शेवटचा विषय पावसाळ्यातल्या साठ्याचा. शिवाजी महाराजांनी चिपळूणजवळच्या आपल्या लष्कराला लिहिलेल्या पत्रात पावसाळ्यासाठी ठेवलेली दाणावैरण आधीच उधळू नका, नाहीतर ऐन पावसात घोडी उपाशी मरतील, अशी स्पष्ट ताकीद आहे. आज वैरण संपत नाही, ती बुरसते. गासड्या जमिनीवर न ठेवता लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर अंतर सोडून रचाव्यात आणि प्रत्येक गासडी सोडताना मधोमध हात घालून पाहावा. आत ऊब लागली, कुबट वास आला किंवा पांढरी धूळ उडाली, तर ती गासडी घोड्यापुढे जाऊ देऊ नये. त्या बुरशीने घोड्याला खोकला आणि धाप लागते. चांगले गवतही धूळ बसावी म्हणून दहा मिनिटे भिजवून द्यावे, आणि उरलेले ओले गवत पुढच्या खाण्यापर्यंत गव्हाणीत राहू देऊ नये, कारण आपल्या हवेत ते काही तासांतच आंबते.